काचेवरचा नाग

साहेब म्हणाला, आठ मोजेपर्यंत हलायचं नाही.
बापाच्या मानेमागे लोखंडी चिमटा,
तोंडात बीन, गाल फुगलेले,
पण फुंकायचं नाही.

नागाला सूर कुठला ऐकू यायला?
तो डोलतो ते तुंब्याच्या डोलण्यावर.
बाप थिजला,
तसा तो फणा मिटून टोपलीत जाऊन निजला.
मी झाकण धरून बाजूला.
काचेवर माझी चारच बोटं आली.

पुढे अलवरच्या कचेरीत मुन्शीनं
जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं.
टोपलीतून नाग उभा!
कुणा रंगाऱ्यानं ब्रशनं घातलेला,
दहाचा आकडा फण्याच्या पुढून,
पाठीवर असतो हे त्याला कोण सांगणार.
खाली काय लिहिलंय, विचारलं.
गारुडी, हिंदू. नमुना एकोणतीस.

सुगननाथ, मी म्हटलं.
मुन्शीनं पान उलटलं.

खऱ्या नागाशी बापाची सहा महिन्यांची बोली होती.
कार्तिकात अरवलीच्या उतारावर
टोपली आडवी केली, हात जोडले,
आणि मागे न बघता आम्ही परतलो.

हा मात्र अजून उभाच आहे,
बिनआवाजाच्या बीनसमोर.
याच्याशी बोली कुणी केली होती?