खुराडं

आगीनं पोखरलेल्या या रेडवूडच्या पोटात
इर्माच्या पणजीनं एका हिवाळ्यात बदकं कोंडली होती.
आडवी फळी, तिला दोरी.

पणजोबा शेजारची झाडं पाडायचा :
बुंध्यात खाच, खाचेत फळी, फळीवर तोल सावरत दोघे,
मधे बारा फुटी करवत.
थोटकांवर त्या खाचा अजून आहेत.
पर्यटक म्हणतात, डोळेच जणू.
इर्माला त्या खिशांसारख्या दिसतात,
हकलबेरी उगवलेल्या.

हे एवढं झाड कसं वाचलं?
पाटीवर देणगीदारांची नावं आहेत, साल आहे.
पणजीचं वाक्य नाही :
"हेही पाडलंस तर बदकं कुठे ठेवू?"

रेंजरची टोपी काढून ती आत वाकते.
भिंतीला हात लावते. काजळी लागत नाही.

बाहेर टपटप.
पाऊस नाही, समुद्रावरचं धुकं
फांद्यांवरून गळतंय.