खार

कोरगावातली भाटी निवली की
द्वारकी मडवळीण टोपली घेऊन यायची.
दारू ज्याची त्याला, राख तिला.
हा करार कुणी लिहून ठेवला नव्हता.

माडाच्या पिड्यांची राख ती आधी उचले,
मग काजूच्या ओंडक्यांची.
आंब्याची घेतच नसे.
का, तर 'ती निजलेली असते.'

बुडाला भोक पाडलेलं मडकं, तळाशी भाताचं काड,
वर राख दाबून, त्यावर पागोळीचं साठवलेलं पाणी.
बांयचं नको, बांयत खाडी शिरलीय.
रात्रभर थेंब, थेंब,
कोऱ्या चहाच्या रंगाचा.
सकाळी जिभेचं टोक लावून थुंकायची.

मी तेव्हा म्हापशाला रसायनशास्त्र शिकत होतो.
म्हटलं, आत्ते, ह्याला पोटॅशियम कार्बोनेट म्हणतात.
ती म्हणाली, 'कोण म्हणतात?'

मग तिसऱ्यांच्या कवचांचा भाजलेला चुना, मूठभर.
मडक्यात दुधाळ गोंधळ,
आणि दुपारपर्यंत पांढरं सगळं खाली,
जे कवच होतं तेच पुन्हा, फक्त पीठ होऊन.
वर राही ते नितळ, जहाल.
कोंबडीचं पीस सोडून बघायची:
विरलं, म्हणजे झालं.

देवळातल्या पालखीची झालर
आणि कपेलातलं आल्तारावरचं कापड
तिच्या एकाच दोरीवर वाळायचं.
दोन्हीकडून कुणी कधी काही विचारलं नाही.

ते समीकरण मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं.
दोन्ही बाजू जुळतात.
मुलांना सांगायचो, खार बोटांना बुळबुळीत लागतो;
एक गुण.
हे सांगायचं राहिलंच
की बुळबुळीत पाणी नसतं.
बोटावरची चरबी असते ती,
साबण होत चाललेली.

गेल्या महिन्यात तांदळाच्या दुकानात
यंत्रावर तिनं अंगठा ठेवला.
लाल दिवा.
पदराला पुसून पुन्हा. लाल.
पोरगा म्हणाला, 'आजी, हात धुवून ये.'
'पुता,' ती म्हणाली, 'धुवून धुवूनच गेलाय तो.'

शेवटी शाईची डबी सापडली कुठूनतरी.
वहीत उमटला निळा लांबट डाग,
आत एकही रेघ नाही.
पोरानं त्याच्याखाली
पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं.

येताना भाटीपाशी थांबली.
आता गॅसवर चालते, ठेमूनं सांगितलं.
तरी वाकून चुलीत बघितलंच तिनं,
तांदळाची पिशवी दुसऱ्या हातात बदलून.