तीन डब्यांची पोर

फळ्याच्या मधोमध मी रेघ मारते.
डावीकडे सुधारणा, उजवीकडे विस्तार.
अकरावी, तिसरा तास, धरणगाव.
पंखा नुसताच फिरतो,
वारा येतो तो खिडकीतून,
बंद पडलेल्या जिनातल्या सरकीचा खवट वास घेऊन.

डावीकडे लिहून घ्या :
कारखाने वाढले, शहरं फुगली,
मग कुणी एक माणूस कॅमेरा लपवून सूतगिरणीत शिरला.
चात्यांपुढे उभ्या पोरींची उंची
त्यानं स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवर मोजली, गुपचूप :
ही तिसऱ्या गुंडीला लागते, ही चौथ्या.
एका बाईनं तेल कंपनीचे उद्योग
महिनोन्‌महिने मासिकात छापले.
शेवटी कोर्टानं कंपनीचे तुकडे केले, चौतीस.
वर्ग चौतीसखाली रेघ ओढतो.
आकडा परीक्षेला येतो.

उजवीकडे : क्यूबा, पोर्तो रिको, हवाई, फिलिपाइन्स.
फिलिपाइन्समध्ये माणसाला उताणा पाडून
तोंडात पाणी ओतत, पोट फुगेपर्यंत,
आणि त्याच बेटांवर शाळाही काढत.
बोटी भरभरून मास्तर गेले, मास्तरणी गेल्या,
माझ्यासारख्याच,
खडूनं मधोमध रेघ मारणाऱ्या.
हे पुस्तकात नाही. मी सांगितलं, आणि घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लोकेश सुपडू महाजन
सायकलच्या कॅरियरला एक डबा बांधून आला.
घासलेटचा, चौकोनी, कडी तुटलेली,
आत म्हशीच्या आंबोणाचा थर.
‘मॅडम, हाऊ तुमनी कंपनीना शे का?’
गंजाखाली अक्षरं होती, उठावाची, अर्धी.
नशिबा तडवीनं वहीचं पान फाडून वर धरलं,
पेन्सिल आडवी करून घासली.
काळ्या धुरातून यावं तसं आलं
आधी एक न्यू,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग यॉर्क.

लोकेशच्या घरी सांगतात :
खापरपणज्याची बहीण, ठगू, जिनात जायची.
किती वर्षांची? ते कुणी लिहिलेलं नाही.
एकावर एक तीन डबे ठेवले की ठगू,
एवढंच माहीत.
पहाटे चांदणी असताना आत,
रात्री कंदील लावून पुन्हा आत,
कारण आता कंदील होते.
आगगाडी तेल आणत होती, स्वस्त,
आणि सूर्य बुडाल्याचं
जिनाला कळेनासं झालं होतं.
साहेब तपासणीला आला
की लहान पोरं कापसाच्या ढिगात दडवत.
ठगू एकदा ढिगातच झोपली.
साहेब गेला, पाळी सुटली,
तिला काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
सकाळी स्वतःच उठून कामाला उभी राहिली,
अंगभर पांढरी.
हे सांगताना त्यांच्या घरी हसतात.
लोकेशही हसला. वर्गही.
मीसुद्धा, थोडीशी.

मग पोरांनी भांडण काढलं,
डबा कुठल्या रकान्यात लिहायचा.
विस्तार, पहिला बाक म्हणाला, परदेशी बाजारपेठ.
पण कंपनी तोडली ना त्यांनी? दुसरा बाक.
तोडली तिथं, नशिबा म्हणाली,
तेल तर इथं येतच राहिलं.
कुणीतरी विचारलं, आणि ठगू?
मी म्हटलं, असा प्रश्न येत नाही.
चार गुणांना तर नाहीच.

डबा टेबलावर ठेवला होता.
उचलला तेव्हा हजेरीपटावर
गंजाचा चौकोन उमटलेला,
बरोबर ज्या मुली जिनाच्या हंगामात
आजही आठ-आठ दिवस येत नाहीत
त्यांच्या नावांवर.
पुसला. पसरला.

शाळा सुटली. लोकेश दारात उभा,
हातात सायकलची दोरी :
‘डबा परत जोयजे, मॅडम,
म्हैस वाट दखी ऱ्हायनी.’