धरून ठेवण्याचा भार

सातपूरच्या बंद गाळ्यात बोथराशेठनी ताडपत्री ओढली
तेव्हा आधी उंदराचं घरटं निघालं,
मग ती: चार फुटी, निळ्या रंगाचे पोपडे सुटलेली.

"वरती बीम नाही, पायानं दाबणं नाही.
लोखंडी पट्टी ठेवा, बटन दाबा, धरते.
सोड म्हटलं की सोडते.
भागीदारात हे दोन्ही गुण सापडतात का, ताई?"
बोलताना ते शटरकडे बघत होते.
भावाचं नाव बोर्डावरून अजून उतरलं नव्हतं.

मी पर्समधून मीटर काढला.
कॉइल शाबूत, अर्थिंग तुटलेली, किंमत ऐंशी हजार.
पंचावन्न म्हणाले आणि गप्प बसले;
गप्प बसणं मी भांडी बाजारात शिकले.
बासष्टला सुटली. टेम्पो माझा.

अंबडला उतरवताना भोये म्हणाला,
"बाई, ह्यात तर काहीच नाही.
नुसता जड पाट आहे."

पहिल्यांदा बटन दाबलं
आणि शेजारच्या लोणच्याच्या युनिटमधून कुणी ओरडलं,
"ए, लाइट खाल्ली कोणी?"
वीसचा एमसीबी पडला.
पट्टी होती तशीच सैल.

तांबोळी वायरमन उकिडवा बसला,
वायर दोन बोटांत धरून म्हणाला,
"ही अडीचची, तीही चाळीस मीटर लांबून येते.
इथं पोचेपर्यंत व्होल्टेज दमतं.
तुम्ही उपाशी पैलवान आखाड्यात उतरवलाय."

मग सहाची केबल, थेट मीटरपासून.
बत्तीसचा ब्रेकर.
गाळ्यामागे सात फूट खड्डा,
कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा,
आणि रोज एक बादली पाणी, चैत्र-वैशाखात दोन.
आमच्याकडे तुळशीलाही कुणी एवढं नेमानं घालत नाही.

लोड वाढवायच्या अर्जाला खिडकीवर तीन फेऱ्या.
तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं,
"मॅडम, एवढी वीज घेऊन मशीन फिरवते काय?"
फिरवत काहीच नाही, म्हटलं.
धरून ठेवते.
त्यांनी पेन बराच वेळ फॉर्मवर टेकवून ठेवलं,
मग लिहिलं: इतर.

रविवारी अण्णा आले.
चाळीस वर्षं तांबट आळीत घडे ठोकलेले,
डाव्या कानानं कमी ऐकणारे.
"ब्रेक म्हणतात होय हिला? पत्रा काय पळतोय?"
पिशवीतून तांब्याचा तुकडा काढला.
"हे धरते का तुझी?"

ठेवला. दाबलं.
तुकडा मी दोन बोटांनी अलगद उचलला.
तांब्याला चुंबकाचं काही पडलेलं नव्हतं.
अण्णा भोयेकडे बघून हसले,
जणू माहेरची बाजू जिंकली.

मग मी तांब्यावर लोखंडी पट्टी ठेवली.
धप्प.
लोखंडानं लोखंडाला ओढून घेतलं
आणि ज्याचा ह्या ओढाताणीशी संबंध नाही
तेच मध्ये सापडलं. हलेना.
दांडा उचलला. काटकोन.
सोडलं तेव्हा पट्टीला चिकटलेला चुरा
क्षणभर उभा राहिला, मग आडवा झाला.

अण्णा वाकले, मनगट पाटावर टेकवून,
डोळे मिटून कडेवर अंगठा फिरवत राहिले.
"ठोक्याची खूण नाही," म्हणाले.
तारीफ होती की तक्रार,
मी विचारलं नाही.

तेव्हापासून त्यांचं चावीचं घड्याळ पळतं.
रोज वीस-बावीस मिनिटं पुढे.
तांबोळी म्हणतो, स्प्रिंगेत चुंबक शिरलाय,
द्या, दोन मिनिटांत काढतो.
अण्णा देत नाहीत.
रोज सकाळी रेडिओवर लावतात, दिवसभर पळू देतात,
आणि संध्याकाळी चहा
माझ्या सहाच्या आधीच मागतात.