नववा पाना

फोनवर मृणालिनी म्हणाली, चौदा मिलिमीटर.
एवढीच फट आहे. वर तारांची जुडी,
खाली बॅटरीचा डबा,
आणि मागे, भिंतीला चिकटून, अकरा बोल्ट.
बाजारातला कुठलाच पाना आत वळत नाही.
शुक्रवारपर्यंत होईल?

हिंगणा एमआयडीसी, मे महिना, डोक्यावर पत्रा.
कूलरची खस भिजवता भिजवता मी म्हटलं, होईल ना.
(आमच्याकडे "होईल ना" आधी म्हणतात,
कसं, ते मग बघतात.)

लाकडी खोक्यात मी तिचा उपग्रह मांडला:
तारांच्या जागी बुटाच्या नाड्या,
बॅटरी म्हणून साबणाची वडी.
पहिला पाना रात्रीच छापला, पिवळ्या प्लास्टिकचा.
आत गेला, बाहेर येईना.
दुसरा बाहेर आला, डोकं आतच ठेवून.
तिसरा बरा होता. एकाला दाखवायला म्हणून
स्कूटरच्या डिकीत टाकून नेला वाडी नाक्यापर्यंत.
डिकी उघडली, तर जिलबी.
सेहेचाळीस अंश.
अवकाशाचं राहू दे बेटा,
आधी अमरावती रोड सोसून दाखव.

चौथ्याबद्दल मी बोलणार नाही.

पाचव्याच्या वेळी निमजे उठून आले लेथवरून,
कोपरापर्यंत कटिंग ऑइल.
पाना उलटा धरला, सुलटा धरला.
"काहून इतका सरळ केला जी?
मान वाकडी पाहिजे याची.
चिमूटभर फिरव, काढ, पालथा घाल,
पुन्हा चिमूटभर.
जागा नसली का माणूसही असाच वळते."
मी कागदावर लिहिलं: पंधरा अंश.
त्यांनी चहा मागवला, माझ्या खात्यावर.

सहावा, सातवा: मान वाकडी, हाड कच्चं.
आठवा पोलादाचा.
निमजेंनी कापला, मग दोन दिवस घासत बसले,
फणीतून सूत ओढायचा आकडा असतो ना, म्हणाले,
तसा चपटा, बाप माझा मागावर होता इतवारीत,
मी तो आकडा चोरून त्यानं कैऱ्या पाडत होतो.
चार मिलिमीटर.
अकराच्या अकरा बोल्ट,
साबणावर ओरखडा नाही.

नववा तसाच, फक्त शेपटीला भोक.
ते तिनं शेवटी सांगितलं: पान्याला दोरी असते,
दोरी मनगटाला.
आत काही सुटून राहिलं तर वर गेल्यावर ते तरंगतं,
कुठेही जाऊन टेकतं,
आणि एका विसरलेल्या तुकड्यापायी
सगळं विझतं.
म्हणून हत्याराला नंबर.
आत जाताना सही, बाहेर येताना सही.

शुक्रवारी कुरियर गेलं.
पुढे तीन आठवडे काहीच नाही.
आम्ही ट्रॅक्टरच्या बुशिंगा केल्या,
एका सावजीवाल्याच्या मसाला-चक्कीचा दातेरी गिअर,
त्याचे पैसे अजून यायचेत.

मग एका मंगळवारी फोटो.
उपग्रहाचा नाही. राखाडी फोममध्ये कोरलेला खळगा,
त्यात आमचा पाना, दोरीसकट निजलेला,
शेजारी रजिस्टरची एक ओळ:
टी-नऊ. आत ९.४०. बाहेर ११.१५.
निमजेंनी चष्मा पुसून दोनदा वाचली.
"म्हणजे आपला वर जात नाही का?"
नाही.
"परत आला पण."
आला.
"मंग झालं," म्हणाले, आणि लेथ सुरू केला,
पण उगाच, चकमध्ये काही न लावता,
नुसता फिरत ठेवला थोडा वेळ.

उड्डाण झालं तेव्हा आमची लाइट गेली होती.
दुसऱ्या दिवशी कळलं, अकराही बोल्ट
आपापल्या जागी, पाचशे किलोमीटर वर,
नागपूरवरूनही जातात म्हणे कधीकधी.
मी रात्री पत्र्यावर चढून पाहिलं. काही दिसलं नाही.
पत्रा अजून गरम होता.

आणि तो चौथा.
तो कूलरच्या पायाखाली आहे.
कूलर आता डुगडुगत नाही.