सीटखालची जागा

इतवारीतला भंगारवाला वजनावरच देणार होता,
पण मी टाकीचं झाकण उघडून वास घेतला
आणि त्याला कळलं. भाव वाढला.
चौथ्या खेपेला छोट्या हत्तीत आडवी घालून
जयताळ्यापर्यंत आणली,
अडुसष्टची जावा, किक आणि गिअर एकच दांडा,
दांडा गंजून बसलेला.
समोरच्या निखारे वहिनी गेटला टेकून:
"काऊन जी मॅडम, पेन्शन जास्तीची झाली का?"

सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना टर्निंग शिकवलं.
मायक्रोमीटरची टिकटिक ऐका म्हणायची,
डोळ्यांवर जाऊ नका.
आता इंजिन जेवणाच्या टेबलावर,
पोह्यांच्या परातीत डिझेल, डिझेलमध्ये नट.
प्रभंजन ऑफिसातून आले, बघत राहिले.
"तर्री वाढू का वरून?"

मे महिना. कूलर माझ्याहून दमलेला.
उन्हात राहिलेला पाना उचलला
तर तळव्यावर त्याचा नंबर उमटतो.
म्हणून पहाटे चार ते आठ.
पिस्टन निघेना.
अकरा दिवस तेल ओतलं, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं,
बाराव्या दिवशी केसभर हलला.
मी ओरडले नाही.
फरशीवर पाय पसरून नुसती बसले,
दूधवाला बेल वाजवून गेला.

रंग खरवडताना आधी निळा लागला.
त्याखाली हिरवा, ब्रशनं मारलेला,
ब्रशचे दोन केसही आत अडकलेले.
हिरव्याखाली काळा.
काळ्याखाली, बटणाएवढ्या जागेत,
जुन्या भिवापुरी मिरचीचा लाल.
माहितीपुस्तिकेतला हाच. हाच खरा.

मग ते तिघे कोण होते?
कॅन टांगून टांगून मागची फ्रेम वाकवणारा,
दसऱ्याच्या आदल्या रात्री अंगणात
हिरवा डबा घेऊन बसलेला,
आणि काळा मारून काहीतरी लपवणारा.
पॉलिश पेपर ऐंशीचा, मग दोनशेवीस, मग चारशे.
तिघेही मोरीतून वाहून गेले,
मी वरून बादलीभर पाणी टाकलं.

हेडलाइटची काच अमरावतीच्या एका हेकट माणसाकडे होती.
विकत नाही म्हणाला, बदल्यात देतो.
मायक्रोमीटर देऊन आले.

सोनेरी रेघ ओढायला मोमीनपुऱ्यातून इद्रीसभाई आले,
सिनेमाचे बोर्ड रंगवलेला हात.
"स्टिकर मिळतो बाई बाजारात. एकदम सरळ."
हे त्यांनीच सांगितलं.
मी चहा ठेवला.
श्वास धरून त्यांनी रेघ ओढली,
गुडघा टेकतो तिथं जराशी जाड झाली.
पुसू का, विचारलं डोळ्यांनी.
राहू द्या म्हटलं.
कारखान्यातही शनिवारी
कुणाचा तरी हात जड होत असेल.

सीट बसवायच्या आधी, फ्रेमच्या आतल्या वळणावर
नखाएवढी जागा मी तशीच सोडली.
निळ्याची कड, हिरव्याची, काळ्याची, तळाशी मिरची.
दिसत नाही कुणाला.
गाडी ओरिजिनल आहे का, विचारतात.
जवळजवळ, म्हणते.

सातव्या किकला पेटली.
धुरात गेट दिसेना, गेटमधून वहिनी,
खोकत, पायात बाहेरच्या चपला.
"मले बसवता का मागं?"

नर्सरीपर्यंत गेलो. मग बंद.
वहिनींनी पदर खोचला, ढकलू लागल्या,
ढकलता ढकलता म्हणाल्या,
"आमच्या मामेसासऱ्याकडं होती जी अशीच. हिरवी."
ब्रशनं मारलेली? मी मान वळवून विचारलं.
"आता काय माहीत. समोर पाहा न, गाय हाय."