बिंगोच्या रात्रीचं इतिवृत्त

सभा सातला होती, सुरू झाली पावणेआठला,
कारण शेडची किल्ली डॉन एलिसेओंकडे
आणि डॉन एलिसेओ मेंढ्या आत घ्यायला गेलेले.
लाल बंबाच्या पुढ्यात, पालथ्या बादल्यांवर आम्ही नऊजण.
या बेटावर आग विझवण्याचा पगार कुणालाच नाही.
सुतार, शिंपले काढणारे, शाळेची मास्तरीण,
भोंगा वाजला की हातातलं टाकून पळतात.
बूट ज्याचे त्याने आणायचे.

विषय पहिला : पाइप.
जुना तीन जागी फाटलाय,
सायकलच्या ट्यूबने बांधून दिवस काढतोय.
नव्याची किंमत नोल्फाने खडूने बंबाच्या दारावर लिहिली,
खाली रेघ ओढली,
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

विषय दुसरा : पैसे.
नाच नको, गेल्या साली बँडवालेच पिऊन आडवे झाले.
सोडत नको, तीच माणसं, तीच तिकिटं,
या खिशातलं त्या खिशात.
शेवटी बिंगो. बरोबर सॉसेज-पाव.
पाव तीनशे की साडेतीनशे, आणि आवोकाडो कुणी कुस्करायचे,
यावर पाऊण तास.
पहिलं बक्षीस ओयार्सोंचं कोकरू, जिवंत.
दुसरं, भरलेला गॅस सिलिंडर.
मी लिहून घेतलं. माझं अक्षर लागतं, म्हणून मी चिटणीस.

त्या रात्री शाळेचा हॉल गच्च.
कार्डांवर खुणेला मक्याचे दाणे,
कोकरू दाराशी बांधलेलं, पोरांनी त्याला पाव चारलेला.
म्हाताऱ्या ऑर्फेलिनाला एकच आकडा हवा होता.
नोल्फाने पिशवीत हात घातला
आणि भोंगा वाजला.

अकरा खुर्च्या एकदम सरकल्या.
नोल्फाने मुठीतली गोटी माझ्या मुठीत दिली,
म्हणाली, बघू नकोस,
आणि धावली.

मी बघितलं नाही.
कुणी घरी गेलं नाही.
दाणे हलतील म्हणून कुणी टेबलाला टेकलंही नाही.
ऑर्फेलिनाने कार्डावर बशी पालथी घातली.
साडेबाराला चहा झाला, उभ्या उभ्या.
माझा तळवा घामेजला, गोटी कोमट झाली.

सव्वादोनला ते आले.
नाहुएल्किनांचं घर गेलं. माणसं बाहेर, कुत्रंही.
पाइप चौथ्या जागी फाटला.
एवढं एलिसेओंनी सांगितलं
आणि भिंतीला पाठ लावून ते खालीच बसले.
नोल्फाने काळा हात पुढे केला.
मी गोटी दिली.

"एकसष्ट."
ऑर्फेलिनाने बशी उचलली, पाहिलं, पुन्हा ठेवली.
"पुढे वाच," म्हणाली.

जमा : पाइपाला पुरणार नाही इतकी.
कोकरू सिलिंडर जिंकणाऱ्याला नको होतं, पण ते वेगळं.
पुढची सभा गुरुवारी, नाहुएल्किनांसाठी.
पाव तीनशेच सांगावेत.
साडेतीनशे उरतात.